मामीची मल्ली आणि मामांचं पाणी

मामांच्या घरी तहान लागायची सोयच नव्हती. चपला काढायच्या आत हातात तांब्या यायचा. टपालवाला असो, मीटर बघणारा असो, नाहीतर पत्ता चुकलेला कोणी. आधी पाणी, मग बाकीचं. सारी नोकरी ओरत्तनाडूकडच्या कालव्यांवर झालेली. निवृत्त होऊन तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत राहायला आले, तरी पाणी वाटायची सवय काही सुटली नाही. "मान टाकली की पाणी द्यावं. माणूस असो, झाड असो," हे त्यांचं शास्त्र. आम्ही भाचरं त्यांना पाणीमामाच म्हणायचो.

मामी लेकीच्या बाळंतपणाला कोइंबतूरला गेली. लग्न झाल्यापासून ती इतके दिवस घराबाहेर कधी राहिली नव्हती. जाताना एकच बजावलं, "माझ्या मल्लीला जपा." मल्ली म्हणजे दाराशी कुंडीत असलेला मोगरा. मामीच्या अंबाड्यावर रोज त्याचीच फुलं.

झालं! महिन्याभरात मोगऱ्यानं मान टाकली. मामा सकाळी पाणी घालायचे, संध्याकाळी घालायचे, आणि पानं आणखीच पिवळी पडायची. व्हिडिओ कॉलवर मामीनं "मल्ली दाखवा" म्हटलं, की मामा म्हणायचे, "आधी नातू दाखव!" शेवटी मला फोन आला. "ये गे लवकर. तिनं एवढं एकच मागितलं, आणि तेही माझ्या हातून जातंय."

मी मातीत बोट घातलं, तर नुसता चिखल! कुबट वास. कुंडी कलती केली, तर खालचं भोक सिमेंटनं चक्क लिंपलेलं. विचारलं, तर मामांचे कान लाल. मामी नसताना दारातला कोलम, म्हणजे पिठाची रांगोळी, रोज सकाळी मामाच काढत होते! कुंडीतलं पाणी ओघळून तो पुसला जायचा, म्हणून यांनी भोकच बुजवलं.

"अहो मामा, पाण्याला जायला वाट हवी, हे जन्मभर गावोगाव तुम्हीच सांगत होतात ना?" मला हसू आवरेना.

"ते शेताचं गे," मामा केविलवाणे म्हणाले. "हे घरचं झाड."

भोक मोकळं केलं, कुजलेली मुळं छाटली, मातीत वाळू मिसळली. खरी तपश्चर्या त्यानंतरची. वरची माती सुकेपर्यंत पाणी द्यायचं नाही! मामा तांब्या भरून यायचे, मातीत बोट घालायचे, आणि उसासा टाकून ते पाणी स्वतःच पिऊन टाकायचे.

मामी परतली तेव्हा मोगऱ्यावर जेमतेम दोन-चार कोंब होते. फुलाचा पत्ता नाही. "अय्यय्यो! काय केलंत हो माझ्या मल्लीचं?" ती कडाडली. मामा खाली मान घालून उभे. मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं.

मामी दारातल्या कोलमकडे वळली. ठिपके चुकलेले, रेघा नागमोडी. बघता बघता तिचे डोळे भरून आले, आणि मग ती खळखळून हसली.

"उद्या मी उठायची नाही," ती म्हणाली. "तुम्हीच काढा."

मामा होते तोवर त्या दारात मामीनं पुन्हा पीठ हातात धरलं नाही.