जोएलची लोंबती वायर

घरचं इंटरनेट बंद पडलं की तुम्ही पहिला फोन कोणाला लावता? आणि पलीकडून बाईचा आवाज आला, तर आवाज खाली आणता की आणखी चढवता?

मी ती पलीकडची बाई. विरार पूर्वेला, फुलपाड्यात, एका केबलवाल्याच्या ऑफिसात मी बरीच वर्षं फोनवर बसले. गच्चीवर जुन्या वायरी साचतात ना, तसे तिथले किस्से माझ्याकडे साचलेत. एक ओढायला जावं तर चार गुंतून येतात. रागावून बोललेली माणसं त्यात आहेतच. पण आता मागे वळून बघते तेव्हा आठवतात ती चांगली वागलेली माणसं, आणि त्यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

आमचे मालक भरतभाऊ. मूळचा धंदा टीव्हीच्या केबलचा. घरोघरी कॉम्प्युटर यायला लागले, तेव्हा त्याच गच्च्यांवरून त्यांनी इंटरनेटच्या वायरीही टाकल्या.

त्या सुमारास आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हे अंथरुणाला खिळले. मी दहावी पास. मला असं काम हवं होतं की दुपारी घरी जाऊन ह्यांना भरवून परत येता येईल. भाऊंचं ऑफिस आमच्या मागच्याच गल्लीत. अशी दुसरी खुर्ची मला अख्ख्या विरारमध्ये मिळाली नसती.

भाऊंनी एकच प्रश्न विचारला. "वहिनी, लोक फोनवर वाट्टेल ते बोलतात. न चिडता ऐकता येईल?"

मी म्हटलं, "भाऊ, माझा सगळा संसार एकत्र कुटुंबात झालाय."

"उद्यापासून या," भाऊ म्हणाले.

*

ऑफिसात भिंतीला लोखंडी कपाट होतं, त्याला रॅक म्हणायचं. त्यात एक चपटा डबा, तो स्विच. डब्याला ओळीने भोकं, आणि एकेका भोकात एकेका बिल्डिंगची वायर. कुठल्या बिल्डिंगचं चालू, कुठल्या बिल्डिंगचं बंद, हे आधी गच्चीवर चढूनच कळायचं.

मग जोएल आला. वसईच्या पश्चिमेकडच्या गावातला, घरची वाडी, वडील केळी आणि फुलं लावायचे. हा मात्र कॉम्प्युटरचं शिकलेला. त्याने भाऊंना गळ घालून नव्या प्रकारचा स्विच घ्यायला लावला आणि त्याचं सॉफ्टवेअर माझ्या कॉम्प्युटरवर घातलं. पडद्यावर त्या डब्याचंच चित्र यायचं. चालू वायर हिरवी, बंद वायर काळी. आणि पडद्यावरूनच माउसने कुठलीही वायर बंद करता यायची, सुरू करता यायची.

मी घाबरले. म्हटलं, "अरे, माझ्या हातून काही बिघडलं तर?"

"मावशी, कुकरची शिट्टी ऐकून आत भात शिजला की नाही ते कळतं ना तुम्हाला? झाकण उघडून बघता का? हे तसंच आहे."

त्यानंतर मी ते सॉफ्टवेअर कधी यंत्र म्हणून बघितलंच नाही. शिट्टी म्हणून बघितलं.

*

त्या चित्रात प्रत्येक वायरीला नाव देता येत होतं. जोएल बिल्डिंगांची नावं टाकायला बसला आणि अडकला. आमच्या भागात निम्म्या बिल्डिंगा 'साई'ने सुरू होतात. साईधाम, साईकृपा, साईदर्शन, शिवाय साईधाम परत दोन.

मी त्याला म्हटलं, "त्या गच्चीवर गेल्यावर तुला पहिलं काय दिसतं, ते नाव टाक."

मग नावं पडली. 'कुत्रा', कारण त्या गच्चीवर एक पांढरा कुत्रा असायचा. 'तुळस'. 'पापड', कारण तिथे बारा महिने काही ना काही वाळत असे. जोएल स्वतः तपासणीसाठी आपला जुना लॅपटॉप स्विचला लावायचा, त्याची एक छोटी वायर कायम एका बाजूने स्विचमध्ये आणि दुसऱ्या बाजूने लोंबत असायची. तिचं नाव मी ठेवलं 'जोएल'.

एकदा भाऊ पाहुण्यांना घेऊन ऑफिसात आले, तेव्हा मी वायरमनला फोनवर सांगत होते, "अरे, कुत्रा सकाळपासून मेलाय, पापड मध्येच जातो येतो, तुळस तेवढी बरी आहे."

पाहुणे भाऊंना हळूच म्हणाले, "बाईंच्या घरी काही प्रॉब्लेम आहे का?"

*

'पापड'चंच सांगते. ती वायर रोज दुपारी काळी पडायची आणि संध्याकाळी आपोआप हिरवी व्हायची. जोएलला वाटलं, ऊन लागून वायर तापत असेल. त्याने वायर बदलली. गच्चीवरचा, घरोघरी नेट वाटणारा छोटा डबा बदलला. त्यावर पत्र्याचं छप्परही केलं. दुपार झाली की काळी ती काळीच.

एके दिवशी ह्यांना भरवायला घरी जाताना मी त्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर डोकावले. तो छोटा डबा एका आजींच्या घरातल्या विजेवर चालायचा. तशी बोली करूनच त्यांना नेट फुकट दिलं होतं. आजी शांतपणे प्लग काढून ठेवत होत्या.

मी विचारलं, "आजी, हे काय करताय?"

"दुपारी सगळे कामावर असतात गं. कोणी बघायला नाही, मग कशाला दिवा जाळायचा?"

मी त्यांना समजावलं की त्या एका प्लगवर सगळी बिल्डिंग चालते. आजींनी कपाळावर हात मारला आणि आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. तर पापडांची पिशवी घेऊन आल्या. "त्या पोराला दे. बिचाऱ्याने उगाच छप्पर केलं."

*

आता माझी फजिती. एका बिल्डिंगमध्ये वायरीचं काम होतं, म्हणून जोएलने फोनवरून मला तिची वायर पडद्यावर बंद करायला सांगितली. मी बंद केली. लगेच पडद्यावरचं चित्रच गेलं. परत काही केल्या येईना.

घाबरीघुबरी होऊन जोएलला फोन लावला. तो खूप वेळ हसत राहिला. मी माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरची वायर बंद केली होती. ज्या फांदीवर बसले होते, तीच कापली होती. आता ती परत सुरू करायला पडदाच नव्हता.

"सेव्ह केलंत का, मावशी?"

"नाही रे, सेव्ह करायला वेळ कुठे मिळाला?"

"मग वाचलात. स्विचचा प्लग काढा आणि परत लावा. सेव्ह नाही केलं तर त्याला आधीचंच आठवतं."

प्लग काढला, लावला, थोड्या वेळाने सगळं हिरवं. त्या दिवसापासून जोएलने ऑफिसला नियम घालून दिला. पडद्यावर काहीही बदल केला की लगेच सेव्ह करायचं नाही. आधी चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत कुणाचा फोन आला नाही, तर सेव्ह.

भाऊ कुरकुरायचे, की सॉफ्टवेअरपेक्षा चहाचंच बिल जास्त येतंय. पण नियम त्यांनीही मोडला नाही.

*

मग जोएलला मस्कतची नोकरी लागली. पोराचं भलं होत होतं, आनंद होता. पण भाऊंचा धीर सुटला. नेटच्या धंद्याला डोकं लागतं आणि आपलं डोकं चाललं मस्कतला, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. एका मोठ्या केबल कंपनीचा माणूस त्यांच्याकडे फेऱ्या मारू लागला. नेटची सगळी लाइन त्याला देऊन टाकायची, टीव्हीच्या तक्रारी भाऊ स्वतःच घेणार. म्हणजे माझी खुर्ची गेली. त्या कंपनीचं ऑफिस वसईला. तिथून दुपारी घरी येऊन ह्यांना कोण भरवणार?

भाऊ वाईट नव्हते. मला म्हणाले, "वहिनी, दसऱ्यापर्यंत बघू. तुम्हाला एकटीला निभावलं तर ठीक. नाहीतर दसऱ्याच्या मुहूर्तावर त्याला हो म्हणून टाकतो."

जोएलने जाण्याआधी रोज संध्याकाळी मला शिकवलं. एकदाही आवाज चढवला नाही. शेवटच्या दिवसांत तो मुद्दाम बिघाड करायचा आणि मला शोधायला लावायचा. त्यातला एक मला फार आवडला. त्याने एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये खुपसली. लगेच भोकांशेजारचे सगळे बारीक दिवे एका तालात, वेड्यासारखे लुकलुकायला लागले.

"हे दिसलं की समजायचं, वायर फिरून स्वतःकडेच आली. एकच निरोप गोल गोल फिरत राहतो आणि बाकी कुणाला बोलायला जागाच उरत नाही."

मी म्हटलं, "आमच्या जाऊबाईंसारखं."

तो गेला. त्याचा लॅपटॉपही गेला. ती लोंबती वायर मात्र मी काढली नाही. पडद्यावर 'जोएल' नावाचं भोक काळंच असायचं. ते तिथे आहे एवढ्यानेच मला बरं वाटायचं.

*

दसरा आला. जोएलच्या वडिलांनी मुलगा इथे नसतानाही वाडीतल्या झेंडूची टोपली ऑफिसात पोचवली. भाऊ आंघोळ करून लवकर आले होते. त्यांनी स्वतः रॅक पुसला, स्विचला हळदकुंकू लावलं, हार घातला. तो कंपनीचा माणूसही पेढ्याचा पुडा घेऊन हजर होता. भाऊंनी त्याला खुर्ची दिली.

मी येऊन टेबलाशी बसते न बसते तोच फोन सुरू झाले. कुत्रा बंद, पापड बंद, तुळस बंद. अख्खा फुलपाडा बंद. सणाचा दिवस, सगळे घरी, आणि सगळ्यांनी मलाच फोन लावलेला.

तो माणूस भाऊंना समजुतीच्या सुरात सांगत होता की हे असंच चालायचं, म्हणून ही डोकेदुखी आमच्याकडे द्या. भाऊ मान डोलवत होते.

पडद्यावरचं चित्र मुंगीच्या पावलाने उमटत होतं. तोवर मी उठून रॅकपाशी गेले. हाराआडून सगळे दिवे एका तालात लुकलुकत होते. मी परत येऊन बसले. चित्र पूर्ण आलं होतं, आणि त्यात 'जोएल' हिरवा होता.

मी विचारलं, "भाऊ, जोएल आलाय का?"

"तो कसा येईल? मस्कतला आहे तो."

"मग त्याची वायर हिरवी कशी?"

भाऊ रॅककडे बघत राहिले. त्या माणसाकडे त्यांनी बघितलं नाही. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "ती लोंबत होती, वहिनी. सणाच्या दिवशी बरी दिसत नव्हती. शेजारी एक भोक रिकामं होतं, म्हणून..."

मी पडद्यावर 'जोएल' बंद केला. दिवे एकदम शहाण्यासारखे झाले, जो तो आपापल्या तालात लुकलुकायला लागला. मग रॅकपाशी जाऊन मी ते टोक काढलं आणि पहिल्यासारखं लोंबतं सोडलं. फोन एकेक करत थांबले.

"सेव्ह करा, सेव्ह करा," भाऊ घाईने म्हणाले.

मी म्हटलं, "आधी चहा."

आम्ही तिघांनी चहा घेतला. फोन वाजला नाही. मग मी सेव्ह केलं. भाऊंनी त्या माणसाला आपट्याचं पान दिलं, सोनं घ्या म्हणाले, आणि दारापर्यंत सोडायला गेले. आत आल्यावर त्यांनी लाइनचा विषय काढला नाही. मीही नाही काढला. ह्यांना भरवायची वेळ झाली होती, मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले तेव्हा रॅकला नवं कुलूप होतं, आणि त्याची किल्ली माझ्या टेबलावर आपट्याच्या पानाखाली ठेवलेली होती.