भाऊ कुठे गेला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी दूध उतू गेलं तरी फोन करून सांगते. मग तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. ऐका.

मी पुण्याची. कॉलेजात असताना जपानी शिकले, लग्न होऊन आखातात, अल खोरला आले. नवरा एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर, मी तिथेच दुभाषी. सहा वर्षांपूर्वी आमच्या साइटवर माहितीपट करायला एक जपानी दिग्दर्शक आला. वय शहात्तर, खाणकामगाराचा मुलगा. पहिला चित्रपट त्याने बापाच्या बंद पडलेल्या खाणीवर काढला, आणि पुढची चाळीस वर्षं फक्त राबणारी माणसं दाखवली. संगीत नाही, निवेदन नाही, कुणाला तेच वाक्य पुन्हा बोलायला लावणं नाही. "माणूस खरं एकदाच बोलतो," असं मला पहिल्याच दिवशी म्हणाला. या हट्टापायी निर्माते पळाले, बायकोही सोडून गेली. हा आपला शेवटचा चित्रपट, हे त्याला ठाऊक होतं. मला तो म्हातारा फार आवडला होता. आवडला होता, तरीही —

सरळच सांगते.

दत्ता नावाचा एक वेल्डर होता, जालन्याकडचा. त्याला मराठीतच बोलायचं होतं. कॅमेरा सुरू झाला. शेजारी आमचे साइट मॅनेजर उभे — त्यांना ना मराठी कळत होतं, ना जपानी. दत्ता म्हणाला, "ताई, सायबाला सांगा, मागल्या उन्हाळ्यात माझा भाऊ गेला. हितंच, कामावर. उन्हानं. बस म्हणलं न्हाई कुणी त्याला."

गेला. आपल्याकडे मेलेल्या माणसाला मेला म्हणत नाहीत. मी जपानीत तेवढंच सांगितलं, की मागच्या उन्हाळ्यात याचा भाऊ गेला. त्यांच्या त्या शब्दात मरण नसतं, माणूस नुसता निघून जातो. म्हाताऱ्याने विचारलं, "कुठे?" हा प्रश्न दत्ताला विचारायचा होता ना? मी विचारला नाही. मीच उत्तर दिलं — "गावी. घरच्यांकडे."

जीभ घसरली म्हणू? नाही घसरली. चित्रपट बाहेर पडला की कंपनी विचारेल, नवऱ्याची नोकरी जाईल, एवढं सगळं मी त्या एका क्षणात मोजलं. मला कुणी दम दिला नव्हता. डोळासुद्धा वटारला नव्हता.

म्हातारा हसला. दत्ताचा खांदा थोपटला. दत्ता गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "ताई, हसले का ओ ते?"

मी काय सांगितलं असेल? म्हटलं, "त्यांच्यात रीतच आहे तशी. दुःखात हसून धीर देतात."

त्याला पटलं. भरल्या डोळ्यांनी त्याने हात जोडले. म्हातारा कमरेतून वाकला. कॅमेरा चालूच होता.

चित्रपट त्याच दृश्यावर संपतो. तिकडच्या समीक्षकांनी लिहिलं, की म्हातारा शेवटी यजमानांच्या खाल्ल्या मिठाला जागला. पुढे त्याला कुणी काम दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी तो वारला, आणि मृत्यूच्या बातमीतही हा शेवटचा चित्रपट म्हणजे त्याची घसरण, असंच छापून आलं.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीची मेल आली. चित्रपटाची नवी प्रत निघतेय, भाषांतर एकदा तपासून द्याल का? आम्ही आता राजधानीत, बिन महमूदला राहतो. नवऱ्याने ती कंपनी कधीच सोडली. ते मॅनेजर देशी परतले. भ्यावं असं कुणीसुद्धा उरलेलं नाही. मी ते दृश्य लावलं. दत्ता स्वच्छ मराठीत सांगतोय, आणि खाली जपानीत माझी ओळ — 'भाऊ गावी परतला.'

एक ओळ बदलायची होती. पण मग ती पहिल्यांदा अशी का लिहिली, हे तिने विचारलं असतं.

मी तिला कळवलं — तपासलं, सगळं बरोबर आहे.