वासवाले चाचांचं भ्या

वासवाले चाचांइतका भित्रा माणूस मी उभ्या बारामतीत पाहिला नाही, आणि ते स्वतःच तसं सांगत फिरायचे. कुणी कामाला बोलावलं की दारातच बजावायचे, "मी भितो बरं का. घाई केली तर निघून जाईन." संडासाच्या टाक्या आणि गटाराच्या नळ्या दुरुस्त करणारा माणूस एवढा घाबरट, याचं लोकांना हसू यायचं. मला नाही आलं. मी पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी बाई. शाळेत पोरांना धाकात ठेवते ते निव्वळ आवाजावर.

चाचा आमच्याकडे आले ते आईच्या गाडीपायी. आईला लघवी थांबवता यायची नाही, म्हणून सहा वर्षं तिनं जळोचीतलं आमचं घर सोडलं नव्हतं. तिची सख्खी बहीण इंदापूरला. पण "एसटीत काय झालं तर तोंड कुठं दावू?" एवढ्यावर विषय संपायचा. शेवटी मी एक जुनी मिनीबस घेतली. आत पलंग, बेसिन आणि छोटासा संडास बसवून घेतला, खाली टाकी लावली आणि पन्नाशीत गाडी चालवायला शिकले. पहिल्यांदा मोरगावला जाऊन गाडीची पूजा केली. त्या दिवशी आई इतकी बोलली की मला रस्त्याकडे लक्ष देणं मुश्कील झालं.

पंधरा दिवसांत गाडीत वास यायला लागला. नासक्या अंड्यासारखा, घशात बसणारा. मी फिनेल ओतलं, कापूर जाळला. काही उपयोग नाही. आईचं डोकं दुखायला लागलं. एकदा दुपारी ती गाडीतच झोपली आणि हलवूनही चटकन उठेना. त्याहून वाईट म्हणजे उठल्यावर ती जे बोलली ते. "गाडीचा न्हाय गं हा वास. माजाच हाय. मला घरात ने, आन पुन्यांदा ह्यात बसवू नगंस."

दुसऱ्याच दिवशी मी चाचांना बोलावलं. कापराचं ऐकताच ते चार पावलं मागे सरकले. "बाई, टाकीचा वायू पेट घेतोय! तुमी जित्या हाय हेच नशीब." मग त्यांनी सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या आणि अर्धा तास कडुनिंबाखाली नुसते बसून राहिले. मी चहा दिला. तो हातात धरून, आत पाऊल का टाकत नाही ते त्यांनी सांगितलं.

"एका कामावर मालक म्हनला, टाकी कालच साफ केलीय. माजा धाकटा भाऊ आत उतरला. खालनं म्हनतो, वास न्हाय, ये. वास लय झाला की आदी नाक मरतं, बाई. त्याला कळलंच न्हाय. मी पाय टाकनार, तेवढ्यात त्यो पडला." चहा तसाच राहिला. "तवापासनं कामात मी खोटं बोलत न्हाय. झालं न्हाय ते झालं म्हनत न्हाय."

त्यांची तपासणी उदबत्तीची. काडी गाडीपासून लांब ओढायची, ज्योत विझवायची, मगच उदबत्ती आत न्यायची. धूर सरळ वर चढत होता. बेसिनच्या जाळीपाशी नेल्यावर मात्र खालून कुणी फुंकर मारावी तसा बाजूला ढकलला गेला. बेसिनखाली एक वाकडी नळी असते, तिच्यात साचलेलं पाणी टाकीचा वास अडवतं. आमची उन्हानं कोरडी पडली होती. चाचांनी तांब्याभर पाणी ओतलं, वर चमचाभर गोडेतेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. तरी त्यांचं समाधान होईना. "वायू खालनं वर का ढकलतोय? त्याची वरची वाट कुनीतरी बुजवलीय."

शिडी लावून ते टपावर गेले आणि कशालाही हात न लावता खाली आले. मोरगावच्या पूजेचा नारळ लाल फडक्यात गुंडाळून मीच टपावरच्या सगळ्यात उंच नळीच्या तोंडावर घट्ट बांधला होता. ती नळी टाकीतला वायू बाहेर सोडणारी. देवाचा नारळ उंचावर असावा, एवढंच माझ्या डोक्यात.

"तुमच्या देवाचं हाय. तुमीच काढा," चाचा म्हणाले. "मला भ्या वाटतंय."

आई दारातून म्हणाली, "काढा वो चाचा. गनपतीला बी नाक हाय, आन तेबी चांगलं लांबलचक!"

नारळ निघाला, दोन दिवसांत वास गेला. चाचा पुन्हा येऊन हुंगून गेले आणि आईला म्हणाले, "गाडीचा वास व्हता, आई. तुमचा न्हाय." खोटं न बोलणाऱ्या माणसानं सांगितलं म्हणून तिनं ते मानलं. त्या वर्षात ती सात वेळा इंदापूरला गेली.

मग गेल्या उन्हाळ्यात पुन्हा वास आला. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली. चाचा आले, उदबत्ती सगळीकडे फिरवली. धूर कुठंच हलला नाही. पलंगापाशी त्यांनी वाकून हुंगलं आणि उदबत्ती विझवली. मग ते बाहेर पडून गाडीखाली सरकले. मी बाजूला वाकून बघत होते. तासभर ते एकच बोल्ट सैल करत होते आणि पुन्हा आवळत होते. पान्याचा आवाज आत जात होता.

"सापडलं का वो?" आईनं विचारलं.

"सापडलं, आई. रबर गेलं व्हतं. गाडीचाच वास."

मला कडुनिंबाखाली नेऊन ते म्हणाले, "आईस्नी डाक्टरला दावा. आजच."

पोटातलं दुखणं होतं, खूप पुढं गेलेलं. आईनं ते किती महिने लपवलं कोण जाणे. मी त्याच घरात राहत होते आणि मला कळलं नाही, याची लाज अजून जात नाही. डॉक्टरांना विचारून मी तिला एकदा इंदापूरला नेलं. चार दिवस बहिणीच्या शेजारी झोपली, हसत परत आली. पावसाळ्यात गेली.

नंतर गाडीच्या कामासाठी मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, "दुसरा मानूस बगा, बाई. तुमच्या दारात माज्या तोंडातनं खोटं गेलंय. आता माज्या सांगन्यावर गाडीत झोपू नका."

दुसरा माणूस मी अजून बघितलेला नाही.