वामनरावांची जीप आणि टोळीचं तेल

वामनरावांच्या मते गावात शहाणा माणूस एकच होता, आणि तो कोण हे विचारायची कुणाची छाती नव्हती. अशा माणसाशी ठमाबाईंनी उभा जन्म संसार केला. धान रोवलं, पोरं वाढवली, आणि नवऱ्याची अक्कल निमूट ऐकून घेतली. पण म्हातारपणी वामनरावांनी जीप आणली, तेव्हा ऐकून घ्यायलाही काही मर्यादा असते हे ठमाबाईंना कळलं.

जीप लिलावातली, जंगलात राबून म्हातारी झालेली. चिखलातून निघायची, नाल्यातून चढायची, हे मान्य. पण गिअर असा जड, की टाकताना वामनराव सीटवरून अर्धे उठायचे. पुढे बसलेल्यावर खेकसायचे, "मांडी उचल!" आणि तरी गिअर पडला नाही, तर दोष त्या मांडीचा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मूल गावच्या मुखरू मिस्त्रीने गिअरबॉक्स उघडून बघू म्हटलं, तर त्यालाच सुनावून आले. "गाडीले हात लावू नोको. मी बंडी हाकली तवा तू पैदा नोहोता झाला."

दुपारी ऊन तापलं की तोच गिअर बऱ्यापैकी पडायचा. मग वामनराव चौकातून मुद्दाम दोन फेऱ्या मारायचे.

इकडे ठमाबाईंचे डोळे जात होते. डावा गेल्यात जमा होता, उजव्यासमोर धुकं. तांदूळ निवडताना खडा बोटालाच समजायचा. मोतीबिंदू पिकलाय, आता उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गडचिरोलीला ऑपरेशनची तारीख मिळाली. सकाळी आठला हजर राहायचं होतं. शेजारची सीता म्हणाली, "काकू, पहिल्या एसटीनं जाऊ." वामनरावांचं नाक लगेच वर. "घरी जीप असून माही बायको एसटीत लटकन? लोक काय म्हणतीन?"

पौषातली थंडी होती. जीप सुरू झाली, पहिला गिअर कसाबसा पडला, आणि दुसरा काही केल्या पडेना. गाडी पहिल्यातच बोंबलत निघाली. मागून एसटी आली, हॉर्न देऊन पुढे गेली. ठमाबाई चडफडत बसून राहिल्या. मांडी उचलताना त्यांचा हात गिअरच्या रबराला लागला. बोटं चिकट झाली. त्यांनी वास घेतला आणि थांबल्याच.

"हे माह्या टोळीचं तेल होय न?"

मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, ते तेल त्या दरवर्षी गाळून आणायच्या. दिव्याला, दुखऱ्या गुडघ्यांना तेच. डबा हलका का होतो, याचा आळ आजवर त्यांनी उंदरांवर घेतला होता.

"टाकतो मी. रोज टाकतो," वामनराव म्हणाले. "बंडीच्या आखाले चालते, तं जीपले काऊन नाई चालन?"

"अवो, थंडीत हे थिजते! डब्यातून चमच्यानं खरवडून काढा लागते मले. तुमी त्या गिअरात लोणी भरून राह्यले!"

"तुले गाडीतलं काय समजते? चूप बस."

पोचेपर्यंत दुपार झाली. पेशंट घेणं बंद झालं होतं. ठमाबाई पायरीवर बसून रडल्या. चक्क हुंदके देऊन रडल्या. आणि संध्याकाळी गावात वामनराव सांगत होते, "डॉक्टरच नोहोता वो. सरकारी कारभार!" ते ऐकलं आणि ठमाबाईंच्या मनातला नवऱ्याबद्दलचा उरलासुरला मान त्या दिवशी संपला. चुकणारा माणूस चालतो. पण बायकोची नजर घालवून वर खोटं बोलणारा? थू!

दुसरी तारीख मिळाली. मधल्या दिवसांत वामनरावांनी मुखरूकडे जावं, तेल काढून टाकावं, इतकं सोपं होतं. पण तसं केलं तर बायकोचं खरं ठरलं असतं. म्हणून निघायच्या पहाटे त्यांनी वेगळीच अक्कल पाजळली. घमेल्यात निखारे घेतले, जीपखाली सरकवले, आणि गिअरबॉक्स शेकायला स्वतः खाली पालथे पडले. फू फू करून निखारे फुंकत राहिले. पाणी भरायला निघालेल्या बाया थांबून बघू लागल्या. तेल थिजतं हे वामनरावांच्या मनाला पटलं होतं, तोंडाला मात्र पटत नव्हतं. जीपखालून दोन पाय तेवढे बाहेर होते, आणि आवाज: "होते आता! बस तू गाडीत!"

ठमाबाईंनी पिशवी उचलली. सीताचा हात धरला. त्या दोन पायांना वळसा घालून एसटीच्या थांब्याकडे निघाल्या.

एसटी निघणार, एवढ्यात वामनराव धापा टाकत आले. मिशीत राख, सदऱ्याला तेल. दांडा धरून कसेबसे आत चढले आणि ठमाबाईंच्या सीटशी येऊन उभे राहिले. कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिलं, मग ठमाबाईंना विचारलं, "बाई, हे भाऊ तुमच्यासंगच होय का?"

ठमाबाईंनी मान वळवली नाही.

"नाई बा," त्या म्हणाल्या, "त्याईची सोताची जीप हाये."