सांकेतिक चिठ्ठी आणि मराठीचा मास्तर

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. वडील एसटीत कंडक्टर, आईला सहीपुरती अक्षरं यायची. मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, पहिल्या वर्गात पास झालो आणि आज कॅनडात, ओटावाजवळच्या कनाटात टेलिकॉममध्ये गोंगाटातून सिग्नल वेगळा काढायचं काम करतो. हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. घरच्यांना ऐकताना वाटतो, तो भाग वेगळा.

दर रविवारी सकाळी मी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत इथल्या मुलांना मराठी शिकवतो. मुलं येतात, कारण आईबाप त्यांना गाडीत घालून आणतात. माझी मुलगी नववीत गेली आणि म्हणाली, "बाबा, आय ॲम डन." मास्तरचीच मुलगी सुटली तर बाकीची पोरं किती दिवस टिकणार? मी म्हणालो, "तुला मराठी येतं कुठे? मी मराठीत विचारतो, तू इंग्रजीत उत्तर देतेस."

"सो?" ती म्हणाली. झालं, माझा मुद्दा सिद्ध झाला.

त्याच सुमारास तिला शाळेत एक जुनी अमेरिकन रहस्यकथा होती. पुरलेला खजिना, चामड्याच्या तुकड्यावर सांकेतिक खुणा आणि त्या सोडवणारा एक विक्षिप्त हुशार गृहस्थ. सगळ्यात जास्त वेळा आलेली खूण म्हणजे इंग्रजीतलं 'ई', असं धरून तो पुढची अक्षरं उलगडत जातो. मीही ती कथा वाचली आणि जेवताना बोलून गेलो, "यात काय एवढं? हे माझं रोजचं काम."

मुलीने ताटातून मान वर केली. पैज तिनेच लावली, अर्थात इंग्रजीत. ती एक चिठ्ठी लिहिणार. शनिवारपर्यंत मी ती सोडवली तर बारावीपर्यंत मुकाट्याने मराठी शाळा. नाही सोडवली तर शाळा बंद. कॉम्प्युटर वापरायचा नाही. मी लगेच हात पुढे केला.

चिठ्ठीत त्रिकोण, चांदण्या, ठिपके, फुल्या होत्या. एक चांदणी सगळीकडे पसरली होती, म्हणून तिला 'ई' धरलं. पहिल्याच शब्दात तीच जोडी दोनदा: त्रिकोण, चांदणी, त्रिकोण, चांदणी. असा इंग्रजी शब्द मला आठवेना. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसलो, शनिवारी विंटर टायर बदलायला गेलो तेव्हा गॅरेजच्या बाकावर बसलो. शेवटी ठरवलं, पोरीने लिहिण्यात चूक केली आहे.

"अहो, पोळ्या गार होतायत," बायको म्हणाली. "खजिना काही पळून जात नाही."

"यात खजिनाच नाही. कोडंच चुकलंय."

मुलीने पेन घेतलं आणि खुणांखाली अक्षरं लिहीत गेली. चांदणी म्हणजे काना. त्रिकोण म्हणजे ब. दिवसभर ज्या हाकेला मी ओ देतो, तोच पहिला शब्द होता. पूर्ण मजकूर असा: बाबा, आता माझा रविवार माझा. तुझा वर्ग, माझा आराम.

"हे मराठीत आहे," मी म्हणालो.

"मग कशात असणार? तू मराठीचा टीचर ना?"

हे ती चक्क मराठीत बोलली. दर रविवारी फळ्यावर काना काढणारा मी, पण मुलीचं गुपित मराठीत असेल असं एकदाही मनात आलं नाही. बायको हसू दाबायला सिंककडे वळली. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळत होतं.

मी चिठ्ठी दोनदा तपासली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. निदान एक तरी सापडती तर पैजेवर अपील केलं असतं.

रविवारी मी एकटाच गेलो. पार्किंगमध्ये एका मुलाच्या आईने गाठलं. "सर, मुलगी नाही आली?"

"तिचं झालं शिकून. परीक्षा घेतली."

"अय्या, पास झाली?"

"तिने माझी घेतली."

त्यांना काय समजायचं ते समजलं. लगेच गाडीत बसलेल्या मुलाकडे बोट करून म्हणाल्या, "मग यालाही सोडा ना, सर. दर रविवारी सकाळी भांडण होतं हो."

"सोडतो. आधी त्याने मला एक चिठ्ठी लिहावी, मराठीत. मला वाचता आली नाही की सुटका."

"वाचता येत नाही असं तर तो आत्ताही लिहितो," त्या म्हणाल्या आणि मुलाला खाली उतरवलं.