हिरड्यांची मोटरसायकल

माझ्या सासूबाई मोटरसायकल चालवतात. बिनगिअरची स्कूटर नव्हे. किक मारावी लागते, क्लच दाबावा लागतो, ती. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "या वयात?" मला या प्रश्नाची भारी चीड येते. आमच्या चौकात याच वयाचे पुरुष दिवसभर गाड्यांना टेकून उभे असतात, त्यांना कोणी वय विचारत नाही.

गाडी मूळची सासऱ्यांची. त्यांची नजर अधू झाली आणि त्यांना कामावर कोण सोडणार, यावर घरात नुसती चर्चा चालली. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चर्चेत भाग घेतला नाही. दर रविवारी मैदानात जाऊन त्या पडत राहिल्या, आणि पडायच्या थांबल्या तेव्हा सासऱ्यांना मागे बसवून निघाल्या. सासरे गेले, मागची सीट रिकामी झाली, पण गाडी काही थांबली नाही.

आई एका कारखान्यात कवळ्या बनवतात. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात. त्यावरून मेणाच्या हिरड्या घडवायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, वरचे खालच्यांवर नीट टेकतात का ते बघायचं, आणि मग मेणाच्या जागी गुलाबी, कडक हिरडी ओतायची. दात बसवणं हे सगळ्यांत नाजूक काम, आणि ते आईंकडे. खिडकीखालचं टेबल त्यांचं. त्यावर स्पिरिटचा दिवा, मेण कापायची सुरी आणि दातांच्या पट्ट्या. एखादी दाढ केसभर उंच राहिली तर डोळ्याला दिसत नाही, पण आईंनी बोट फिरवलं की बोटाला कळते. त्या टेबलावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलंय. घरात कोणी आजारी असलं तरी त्यांचं एक मन त्या टेबलावर असतं, हे मी चिडून सांगत नाही, कौतुकानं सांगते.

कारखाना मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. मधे लांबलचक पूल आणि पुलावर वारा. मागच्या हिवाळ्यात त्या वाऱ्यानं कहर केला. एका सकाळी आई पोचल्या तेव्हा त्यांची बोटं लाकडं झाली होती. दिव्यावर शेकली, चहाच्या कपाभोवती धरली, तरी त्यांना जाग येईना. तिकडे दवाखान्याची घाई. आईंनी दातांवरून बोट फिरवलं, काही लागलं नाही, कवळी पुढे गेली.

ती कवळी होती भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या काकांची. काही दिवसांनी काका भांडायला आले, पण भांडताही येईना बिचाऱ्यांना. डावीकडची दाढ आधी टेकायची, तोंड पुरतं मिटायचं नाही, आणि 'तीन वार' म्हणायला गेले की वरची कवळी निसटायची. भर लिलावात टोमॅटोच्या ढिगात जाऊन पडली होती. अख्खा बाजार हसला होता.

"माझं तोंड म्हणजे माझं दुकान आहे हो बाई," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आईंनी तिथल्या तिथे चूक कबूल केली. मालक माणूस वाईट नाही, पण त्याला धंदा करायचाय. तो म्हणाला, "काकू, हिवाळाभर तुम्ही बसनं या."

"बस बदलत यायचं म्हणजे माध्यान्ह होईल. सकाळची मापं तोवर कोण बघणार?"

"मग काउंटरवर बसा. पावत्या फाडा, उबेत राहा. टेबलावर मी दुसरं कोणीतरी बघतो."

"यांची कवळी मीच नव्यानं करणार," आई म्हणाल्या. "पुन्हा तोंड मिटलं नाही, तर टेबल घ्या. तोवर त्याला हात लावायचा नाही."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या नवऱ्याला आयतंच सापडलं. तो कधीपासून गाडी विकायच्या मागे. "आई, बास झालं आता. आराम कर." आराम हा शब्द आईंसमोर काढायचा नसतो. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही, फक्त विचारलं, "तू करतोयस तो पुरत नाही का घराला?"

मग सुरू झाले आमचे प्रयोग. मी पहिल्यापासून त्यांच्या बाजूची. पोटाला आणि छातीला वर्तमानपत्र बांधलं. ते लागू पडलं, वारा आत शिरेना. पण सगळा प्रश्न हातांचा. दोन-दोन हातमोजे घातले तर क्लच दाबला जाईना. हातमोज्यांवर दुधाच्या पिशव्या चढवल्या तर आत घाम सुटला आणि त्या घामानंच बोटं आणखी गारठली. जुन्या रजईच्या खोळी शिवून हँडलला अडकवल्या, त्या वाऱ्यानं फुगून ब्रेकच्या आड आल्या आणि आई एका हातगाडीला धडकता धडकता वाचल्या. शेजारच्या वहिनी गॅलरीतून रोज नवा सल्ला द्यायच्या आणि रोज दात काढायच्या. माझे हात टेकले. आईंचे टेकले नाहीत.

एका संध्याकाळी त्या दारातूनच ओरडल्या, "अगं, थंडी नाहीच आहे ही!" मला वाटलं, ताप चढला. "पूल संपून गल्लीत शिरले की माझी बोटं जागी होतात. गल्लीत थंडी तीच, वारा नाही. थंडीला मी पुरून उरेन गं. वाऱ्याला फक्त भिंत घालायची."

भिंत घालायची म्हणजे हातांसमोर ढाल हवी. तीही अशी, की हातात आणि तिच्यात फट नको आणि क्लचला अडचण नको. असली वस्तू बाजारात मिळत असेलही. पण जी बाई उभं आयुष्य लोकांच्या तोंडाच्या मापांवर काम करत आली, ती आपल्या हाताचं माप दुसऱ्याला थोडीच देणार? कारखान्यातून त्यांनी प्लॅस्टरची पिशवी आणली. अंगणात गाडी स्टँडवर लावली. जाड हातमोजे घालून, वर साबणाचा हात फिरवून त्या हँडल धरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "लिंप. फक्त समोरून."

मी लिंपलं. आता एकदा हात भरल्यावर माणसाला कळतं का कुठे थांबायचं? मी समोरून लिंपलं, बाजूनं लिंपलं आणि उत्साहाच्या भरात खालूनही लिंपलं. प्लॅस्टर घट्ट झालं तेव्हा आईंच्या दोन्ही मुठी हँडलसकट आत अडकल्या होत्या.

"खालून कोणी सांगितलं होतं?" आई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा बदलला. प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं. "अगं... काय ऊब आहे! सबंध हिवाळ्यात पहिल्यांदा हात शेकले माझे." आणि त्या खदखदून हसायला लागल्या. मीही हसले. नेमका तेव्हाच माझा नवरा कामावरून आला.

आई मोटरसायकलीवर, हात प्लॅस्टरमध्ये, मी कोपरापर्यंत पांढरी. त्यानं बॅग खाली ठेवली, समोर स्टूल ओढलं आणि निवांत बसला.

"बरं झालं. आता तुला उठून जाता येणार नाही. आता ऐक."

आणि बोलला की तो! लोक काय म्हणतात, पुलावर एक दिवस काय होईल, कामावर फोन वाजला की उचलायच्या आधी त्याला कसा तो पूलच दिसतो. शेवटचं बोलताना त्याचा आवाज चिरकला. आई मात्र ताठ बसून होत्या.

"झालं तुझं? आता तू ऐक. तुला भीती वाटते, मान्य. मलाही वाटते. पण तुझी भीती जावी म्हणून मी माझं टेबल सोडायचं? काउंटरवर बसून पावत्या फाडत मी वर्षभरात म्हातारी होईन. मग ती म्हातारी तुला घरात चालेल?"

त्यानं स्टूल आणखी पुढे ओढलं. मग म्हणाला, "त्या लिलाववाल्यांचं तोंड परत मिटलं नाही तर मी गाडी विकणार. आणि तू हूं की चूं करायचं नाहीस."

"कबूल. आता हातोडी आण."

त्यानं आणली. इतक्या जपून ठोके मारले, की त्याला एवढं हळुवार काम येतं हे मला लग्न होऊन इतकी वर्षं माहीत नव्हतं. प्लॅस्टर तडकलं, पण मोठे मोठे तुकडे पडले. आईंनी ते परत जोडले. साचा तयार.

मालकाकडे हिरड्यांच्या गुलाबी पावडरचे जुने डबे पडून होते. रंग असा भडक बिघडलेला की कोणाच्या तोंडात चालला नसता. ते आईंनी मागून घेतले. आत लोखंडी जाळी घालून, मोठी कवळी ओततात तशा दोन ढाली ओतल्या, घासल्या, चकाकवल्या आणि आरशांच्या नटांवर बसवल्या. दिसायला? अगदी हिरड्या. राक्षसाच्या.

गल्लीत त्या दिवशी काम बंद पडलं. गॅलरीतल्या वहिनी म्हणाल्या, "काकू, गाडीला कवळी बसवलीत की काय? हसतेय का ती आमच्याकडे बघून?" आईंनी नुसती मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून टाकाऊ दात आणले, रंग न जुळलेले, कडा उडालेले, आणि दोन्ही ढालींच्या कडेला ओळीनं बसवले. मग गाडी वहिनींच्या गॅलरीसमोर नेऊन उभी केली. "हसायचंच आहे, तर नीट हसू दे की तिला."

काकांचे दात मेणात बसवायचे होते ती सकाळ हिवाळ्यातली सगळ्यांत वाईट निघाली. मी मागे बसले, सोबत म्हणून आणि साक्षीला म्हणून. पुलावर माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गुडघे माझे राहिले नव्हते. कारखान्यात मालक हात चोळत उभा होता. आईंनी हातमोजा काढला, सरळ त्याच्या गालावर हात ठेवला आणि विचारलं, "कसा आहे?"

"गरम आहे," मालक म्हणाला. खरं तर लाजला तो.

आई टेबलावर बसल्या. दातांवरून बोट फिरवलं. थांबल्या. एक दाढ काढली, मेण खरवडलं, परत बसवली, परत बोट फिरवलं. मी वाकून बघत होते. मला त्या दाढेत काही फरक दिसला नाही. बोटाला कळला असावा.

कवळी तयार झाल्यावर काका ती घालायला आले तेव्हा नवराही आला होता. कामाचं निमित्त सांगत होता, पण बघायला आला होता. काकांनी कवळी घातली. तोंड मिटलं. पुरतं मिटलं. पण त्यांना विश्वास बसेना. आवाज लावल्याशिवाय कसा बसणार? लिलाव कशाचा करावा म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि दारातली ती दात विचकणारी गाडी दिसली.

"बोला हो बोला! बत्तिशी असलेली मोटरसायकल! अशी शोधून सापडायची नाही! कोण घेतं?"

मालकानं गमतीत हात वर केला. "एक वार!" काका गरजले. दात जागेवर. माझ्या नवऱ्यानं हात वर केला. मी बघतच राहिले. हाच ना तो, विकायला निघालेला? मालकानं परत केला, यानं त्याच्यावर केला. "दोन वार!" दात जागेवर. मग काका थांबले. पुढचा शब्द कुठला ते सगळ्यांना माहीत होतं. आईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"तीन वार!"

खिडकीची काच थरथरली. कवळी तसूभर हलली नाही. काका तोंडावर हात दाबून रडायला लागले आणि हाताआडून तसेच हसायला लागले. माझ्या नवऱ्याचा हात अजून वरच होता.

"खाली घे तो," आई त्याला म्हणाल्या. "विकायची नाहीये."

मग मालकाकडे वळल्या. "टेबलसुद्धा." आणि आत जाऊन त्यांनी दिवा पेटवला.