नितीनरावांच्या सिलिंडरात काय होतं

नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हीच पहिले. आणि आतासुद्धा वाटतंय, दुसरंच काहीतरी बोलावं — पावसापाण्याचं वगैरे.

मी पुण्यात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्याखाली खोल उतरण्याचा नाद मला चाळिशीनंतर लागला. पुण्याला समुद्र नाही, पण पुणेकराचं समुद्रावाचून अडतं थोडंच? शहराबाहेर पाण्यानं भरलेली एक जुनी दगडाची खाण आहे, चाळीसेक मीटर खोल. आम्ही पाच-सहा जण तिथे जायचो. नितीनराव त्यातलेच. मार्केट यार्डात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय माल घेणार नाहीत, असा माणूस.

एवढ्या खोलीवर श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो, नाहीतर त्याचे बुडबुडे होतात आणि माणूस जन्माचा लुळा होऊ शकतो. म्हणून थांबत थांबत वर यायचं, आणि त्या थांब्यांवर जादा ऑक्सिजन असलेला गॅस वेगळ्या सिलिंडरातून घ्यायचा, म्हणजे नायट्रोजन लवकर निघून जातो. तो कोणता, हे मी ठरवत असे. रसायनशास्त्र माझं — मग दुसरं कोण ठरवणार?

त्या खेपेला नितीनरावांचं म्हणणं होतं, शेवटच्या थांब्यासाठी शुद्ध ऑक्सिजनही बरोबर असावा. मी म्हटलं, तो चुकून सहा मीटरच्या खाली घेतलात तर झटके येतील; पन्नास टक्क्यांचं एकच सिलिंडर पुरे. निवड बरोबर होती. हे मी आजही म्हणेन — पण बघा, मी पुन्हा निवडीबद्दलच बोलते आहे. तेव्हाही हेच केलं.

आमच्यात एक रीत आहे. ज्यानं त्यानं आपलं सिलिंडर स्वतः तपासायचं आणि ऑक्सिजनचा आकडा स्वतःच्या हातानं पट्टीवर लिहून चिकटवायचा. नवरा-बायको असले तरी एकमेकांचं नाही. आदल्या दिवशी माझं आणि नितीनरावांचं, दोन्ही सिलिंडरं मीच भरली. माझं तपासलं, पन्नास आलं. तेवढ्यात कॉलेजातून फोन आला, पेपर तपासणीचं काहीतरी. बोलता बोलता दुसऱ्याही पट्टीवर मी ‘५०’ लिहिलं. दोन्ही एकाच हातानं भरलेली — वेगळं काय असणार होतं?

खाणीच्या काठावर नितीनरावांनी ऑक्सिजन मोजायचा मीटर मागितला. “मॅडम, रीत म्हणून एकदा बघतो.”

“बघा की,” मी म्हटलं. “माझी डिग्रीही तपासून घ्या एकदा.”

बाकीचे हसले. नितीनराव ओशाळले, मीटर खाली ठेवला. मला गप्प बसता आलं नसतं का? दोन मिनिटांचं काम होतं त्यांचं.

वर आल्यावर ते नेहमीसारखेच बोलत होते. मग म्हणाले, पाय जड वाटतोय. गाडीपर्यंत जाताना डावा पाय लटका पडला. ते खडीवर बसले ते उठलेच नाहीत. हॉस्पिटल, दाबाच्या बंद खोलीतले उपचार, महिनेच्या महिने. आज काठी घेऊन चालतात. गाळ्यावर आता धाकटा भाऊ बसतो.

त्यांच्या मनगटावरच्या यंत्रात सगळे थांबे पूर्ण दिसत होते. मग झालं कसं? शनिवार पेठेत एका सोबत्याच्या घरी आम्ही जमलो. शुद्ध ऑक्सिजन न्यायला हवा होता का, यावर तासभर वाद झाला — आणि मी तो होऊ दिला. होऊ दिला कसला, मीच आकडेमोड करकरून तो पेटता ठेवला. निघता निघता कुणीतरी विचारलं, गॅस तपासला होता ना? मी “हो” म्हटलं. तसं लिहून सहीही केली.

शेवटी ठरलं ते असं — नितीनराव पहाटेपासून यार्डात होते, पाणी प्यायले नव्हते, अंगातलं पाणी कमी पडलं की बुडबुडे लवकर धरतात, म्हणून झालं. हे त्यांनी स्वतःच कबूल केलं. माझंच चुकलं, म्हणाले.

आता सांगते. त्या संध्याकाळी, ते हॉस्पिटलात असताना, मी त्यांचं सिलिंडर घरी आणून तपासलं. एकवीस. साधी हवा — त्यात ऑक्सिजन सोडायलाच मी विसरले होते. थांबे सगळे पन्नासच्या हिशेबानं आखलेले. साध्या हवेवर त्यांना कितीतरी जास्त वेळ थांबायला हवं होतं. मी सिलिंडर बाल्कनीत नेलं, झडप उघडली, पार रिकामं होईपर्यंत तिथेच उभी राहिले. मग पट्टी नखानं खरवडून काढली. घाबरले होते म्हणू? घाबरलेला माणूस इतकं नीटनेटकं काम करत नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, दर तासाला त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवतात. चार वर्षं झाली. “तेव्हा पाणी प्यायले असते तर पाय गेला नसता,” त्या म्हणाल्या. “हे अजूनही टाळाटाळ करतात हो. मॅडम, तुम्ही तरी सांगा. तुमचं ऐकतात.”

नितीनराव माझ्याकडे बघत होते. अपराध्यासारखे.

“पाणी पीत जा, नितीनराव,” मी म्हटलं.

त्यांनी पेला उचलला आणि सगळं पाणी प्यायले.